घरांतील उजेड आणि घरांतील हवा : मेणबत्ती कोणती निवडावी?

शेतकीच्या मासिकांत मेणबत्तीवरील लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. बीं, खत, पाणी व बाजारभाव हे विषय सोडून हा गृहस्थ दिवाबत्तीकडे कां वळला, असें कोणीही विचारील. त्यास उत्तर असें कीं, मेणबत्तींत जळणारें मेण हें आतां शेतमालाच्या यादींत येऊं लागलें आहे. सोयाबीनच्या तेलाचें मेण, पाम तेलाचें मेण आणि मधमाशीचें मेण हीं तीन मेणें ‘नैसर्गिक’ या नांवाखालीं मोठ्या शहरांतील दुकानांतून चढ्या दरानें विकलीं जातात. आणि तीं जाळल्यानें घरांतील हवा निर्मळ राहून कुटुंबाचें आरोग्य सुधारतें असें त्यांच्या वेष्टनावर छापलेलें असतें. यांपैकीं सोयाबीन आपल्या शिवारांत पिकतें व मधमाशी आपल्या झाडांवर नांदते. शिवाय शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं शहरांत राहणारीं आपलीं मुलें दिवाळीस घरीं येतांना अशा मेणबत्त्या आणूं लागलीं आहेत. तेव्हां या म्हणण्यांत खरें किती आणि जाहिरात किती, याचा विचार शेतकऱ्यानें करणें मुळींच अप्रस्तुत नाहीं.

लेखकाचें मत आरंभींच सांगतों, म्हणजे पुढील विवेचन वाचकांस तपासून घेतां येईल. नैसर्गिक मेण चांगलें आहे, आणि परवडेल त्यानें तें अवश्य वापरावें. परंतु ज्या कारणासाठीं तें विकलें जातें त्या कारणासाठीं नव्हे. घरांतील हवा बिघडते ती काजळीनें व धुरानें. काजळी किती निघावी हें मेणाच्या कुळावर थोडें व वातीवर, वाऱ्यावर आणि वापरणाराच्या दक्षतेवर पुष्कळ अवलंबून असतें. सबब आरोग्याच्या दृष्टीनें प्रथम काजळी पाहावी, मग मेणाचें कूळ पाहावें. कूळ पाहावयाचें तें मात्र दुसऱ्या एका कारणासाठीं, आणि तें कारण शेतकऱ्याच्या हिताचें आहे.

आपल्या बीड जिल्ह्यांत मेणबत्ती मुळची नव्हे. देव्हाऱ्यांतील समई व निरांजन, ओसरीच्या कोनाड्यांतील पणती, वाड्यांतील लामणदिवा या सर्वांत जळत असे तें तूप किंवा तेल. आणि तें तेल करडईचें, तिळाचें, एरंडीचें वा करंजाचें, म्हणजे आपल्याच रानांतलें व आपल्याच घाण्यावरचें असे. एरंडीचें तेल संथ जळतें व काजळी कमी धरतें, म्हणून एके काळीं हिंदुस्थानांतील आगगाड्यांच्या दिव्यांतही तें वापरीत. पुढें खनिज तेल आलें. लोकांनीं त्यास घासलेट म्हटलें, रॉकेल म्हटलें. तें स्वस्त पडे, म्हणून कंदील व पत्र्याची चिमणी घरोघर झाली आणि दिव्याचें तेल गाळणारा घाणा मागें पडला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० सालीं स्थापन झाल्यावर पुढील कांहीं दशकांत वीज खेडोपाडीं पोंचली. परळी वैजनाथ येथें १९७१ सालापासून औष्णिक वीज केंद्र चालूं झालें, म्हणजे वीज आपल्याच जिल्ह्यांत तयार होऊं लागली. परंतु तेंच केंद्र २०१३ च्या फेब्रुवारींत, दुष्काळामुळें पाणी नाहीं म्हणून, बंद ठेवावें लागलें होतें. जिल्ह्यांत वीज तयार होते म्हणून ती आपल्या घरांत सदैव असेलच असें नाहीं. वळवाच्या पावसांत खांब आडवा होतो, किंवा ज्यास लोक डीपी म्हणतात तें रोहित्र जळतें, आणि दुरुस्ती होईपर्यंत सारी वस्ती अंधारांत राहते. अशा वेळीं फडताळांतून जी वस्तु हातीं येते ती मेणबत्ती होय. म्हणून हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं.

ज्या दिव्याची जागा मेणबत्तीनें घेतली त्याचा हिशेब प्रथम पाहूं. उघड्या वातीच्या चिमणीनें किती काजळी निघते याचें मोजमाप शास्त्रज्ञांनीं केलें आहे. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाप्रमाणें साध्या वातीच्या दिव्यांत जळणाऱ्या घासलेटापैकीं शेंकडा ७ ते ९ भाग वजनाची काजळी हवेंत जाते. म्हणजे शंभर ग्रॅम घासलेट जाळलें तर सात ते नऊ ग्रॅम काजळी झाली. आणि ती बंद खोलींत, पुस्तकावर वाकलेल्या मुलाच्या नाकातोंडांत गेली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत, घरगुती कामासाठीं घासलेट वापरूं नये असाच सल्ला दिला आहे. रेशनवर घासलेट आतां पूर्वीसारखें मिळत नाहीं याचें कित्येकांस वाईट वाटतें. परंतु फुप्फुसांच्या दृष्टीनें ती हानि नव्हे, लाभ आहे. ज्या घरीं चिमणी अद्याप पेटते तेथें कोणतीही बरी मेणबत्ती आली तरी ती सुधारणाच समजावी, मग ती खनिज मेणाची असो कीं मधमाशीच्या मेणाची.

आतां काजळी कोठून येते तें पाहूं. मायकेल फॅरडे या नांवाचा थोर इंग्रज शास्त्रज्ञ एका लोहाराचा मुलगा होता. त्यानें १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं सहा व्याख्यानें दिलीं, तीं सर्व एका मेणबत्तीवर. त्यांतील सार असें : मेण स्वतः जळत नाहीं. ज्योतीच्या उष्णतेनें तें वितळतें, वातींतून वर चढतें, तेथें त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. ज्योतीचा पिवळा उजेड म्हणजे त्या वाफेंतील कोळशाचे अतिसूक्ष्म कण तापून लाल-पिवळे झालेले असतात. हे कण ज्योतीच्या शेंड्याशीं येईपर्यंत पूर्ण जळाले तर काजळी उरत नाहीं. अर्धवट राहिले तर तीच काजळी होऊन भिंतीवर, आढ्यावर आणि छातींत बसते. तात्पर्य, काजळी प्रत्येक पिवळ्या ज्योतीच्या पोटांत असतेच; ज्योत ती स्वतः खाऊन टाकते कीं बाहेर सोडते एवढाच काय तो भेद.

ही गोष्ट आपल्या घरांतील स्त्रियांस पुस्तकावांचून ठाऊक आहे. तुपाच्या दिव्यावर वाटी पालथी धरून काजळ पाडतात तें याच नियमानें. वाटी ज्योतीस टेंकली कीं ज्योत थंड पडते, कण जळावयाचे राहतात व वाटीस काजळ धरतें. गाईच्या तुपाचा दिवा घ्या, मधमेणाची बत्ती घ्या, कीं बाजारांतील दोन रुपयांची मेणबत्ती घ्या, वाटी टेंकवल्यास काळी होणारच. परीक्षा करावयाची ती अशी : पांढरी बशी ज्योतीच्या शेंड्यापासून वीतभर उंच, पांच मिनिटें धरावी. बशी पांढरी राहिली तर ती बत्ती घरांत जाळण्यास बरी. डाग पडला तर वात लांब आहे, वारा लागत आहे किंवा मेणांत कांहीं भेसळ आहे असें समजावें. वेष्टनावर काय छापलें आहे यापेक्षां ही बशी अधिक खरें सांगते.

मेणांचे प्रकारही नीट जाणून घेतले पाहिजेत. पहिलें खनिज मेण, ज्यास पॅराफिन म्हणतात. कच्चें खनिज तेल शुद्ध करतांना तें निघतें. आपल्या देशांत आसामांतील दिग्बोई येथें १९०१ सालीं तेलशुद्धीचा कारखाना सुरू झाला, आणि पॅराफिन हें तेथील एक जुनें उत्पन्न आहे. आपल्याकडील किराणा दुकानांत मिळणारी साधी पांढरी मेणबत्ती फार करून याच मेणाची असते. दुसरें स्टिअरिन; तें चरबींतून किंवा पाम तेलांतून निघतें. चरबीच्या भीतीनें ज्यांस देवापुढें मेणबत्ती लावणें नको वाटतें त्यांची शंका या मेणापुरती खरी आहे; पॅराफिनास ती लागू नाहीं. तिसरें सोयाबीनचें मेण. हें अमेरिकेंत १९९० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें. तें करण्याची रीत आपणांस अपरिचित नाहीं. तेलांत हायड्रोजन वायु मुरवून तें घट्ट करणें, म्हणजे ज्या रीतीनें वनस्पति तूप होतें तीच. त्याचा दोष असा कीं, तें पन्नास अंशांच्या आसपासच वितळूं लागतें, आणि त्याआधींच मऊ पडतें. आपल्याकडे वैशाखांत पारा चाळिसाच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरांत त्याहून अधिक उष्मा होतो. तेथें ही बत्ती उभी न राहतां वांकते. तिची जागा भांड्यांत किंवा पेल्यांत. चौथें मधमाशीचें मेण. तें ६२ ते ६४ अंशांवर वितळतें, म्हणून उन्हाळ्यांतही ताठ उभें राहतें. तें सावकाश जळतें, आणि पेटण्यापूर्वींच त्यास मधाचा मंद वास येतो.

यांपैकीं कोणतें मेण आरोग्यास हितकर? याविषयीं दोन्ही बाजूंचें म्हणणें वाचकांपुढें ठेवतों. २००९ सालीं अमेरिकेंतील साउथ कॅरोलायना राज्याच्या एका विद्यापीठांतील संशोधकांनीं सांगितलें कीं, पॅराफिनच्या मेणबत्तींतून टोल्युइनसारखीं अपायकारक द्रव्यें निघतात व सोयाबीनच्या मेणांतून तीं आढळलीं नाहींत. त्याच्या दोन वर्षें आधीं, २००७ सालीं, जर्मनींतील एका प्रयोगशाळेनें पॅराफिन, सोया, पाम, स्टिअरिन व मधमेण यांच्या बत्त्या तपासल्या आणि त्यांच्या धुरांत म्हणण्यासारखा फरक नाहीं, अपायकारक द्रव्यें सर्वांतच मर्यादेहून पुष्कळ कमी आहेत, असा निष्कर्ष काढला. या दुसऱ्या तपासणीचा खर्च मेणबत्तीच्या व्यापाऱ्यांनीं केला होता हें विसरतां येत नाहीं. आणि पहिल्या तपासणींतील भीति अधूनमधून अर्धा तास मेणबत्ती लावणाऱ्या घरास तशीच लागू पडते असेंही म्हणतां येत नाहीं. दोहोंचा मेळ घालून शहाणपणाचें अनुमान एवढेंच निघतें कीं, चांगल्या वातीची, बिनवासाची, बिनरंगाची मेणबत्ती कोणत्याही मेणाची असली तरी तिच्यापासून भय थोडें. आणि वाईट वातीची, अत्तर घातलेली, भपकेदार रंगाची मेणबत्ती ‘नैसर्गिक’ असली तरी ती नकोच.

एक प्रचार मात्र निखालस खोटा आहे, तो स्पष्ट सांगितला पाहिजे. मधमेणाची बत्ती ऋणभारित कण सोडते व त्यायोगें हवेंतील धूळ व रोगजंतु नाहींसे होतात, असें कांहीं विक्रेते सांगतात. ज्योत हवेंतील प्राणवायु घेते आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ सोडते. यास हवा शुद्ध करणें म्हणत नाहींत. मेणबत्ती हें औषध नव्हे. ती उजेड देते. तो उजेड देतांना तिनें घाण थोडी करावी, इतकीच अपेक्षा तिच्याकडून ठेवणें न्यायाचें आहे.

जो गृहस्थ आरोग्यासाठीं महाग मेणबत्ती घेऊं इच्छितो त्यानें आधीं आपल्या घरांतील इतर धुरांचा जमाखर्च मांडावा. पहिल्या रकमेस स्वयंपाकघरांतील चूल. गॅसची टाकी घरांत असूनही ती पाहुण्यांसाठीं राखून ठेवून रोजचा स्वयंपाक पऱ्हाट्या व तुराट्या यांवर करण्याची चाल अजून पुष्कळ घरीं आहे, आणि तो धूर सर्वांत आधीं घरच्या लक्ष्मीच्या डोळ्यांत व छातींत जातो. दुसरी रक्कम डासांच्या कॉइलची. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, एक कॉइल पूर्ण जळतांना जितके सूक्ष्म धूलिकण निघतात तितके ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्यानें निघतील. ती कॉइल आपण कोठें ठेवतों? दार-खिडकी लावून, निजलेल्या मुलाच्या खाटेखालीं. तिच्या जागीं मच्छरदाणी लावावी. तिसरी रक्कम उदबत्ती व धूप यांची. देवास एक पुरे असतां पुडाभर लावण्याचें कारण नाहीं. या तीन रकमा वजा केल्यावर मेणबत्तीची रक्कम कोठें तरी तळाशीं येते. वरच्या रकमा तशाच ठेवून तळची रक्कम महाग मेणानें खोडणें म्हणजे धरण फुटलें असतां मोरीस बोळा देणें होय.

ज्यास मेणबत्ती घ्यावयाचीच आहे त्यानें पुढील गोष्टी ध्यानांत धराव्या. वात निव्वळ कापसाची असावी. वातींत धातूची तार असल्यास ती कागदावर घासून पाहावी. करडी रेघ उमटली तर तें शिसें समजावें व ती बत्ती टाकून द्यावी. शिशाच्या वातीस अमेरिकेनें २००३ सालीं कायद्यानें बंदी केली ती उगाच नव्हे. पेटविण्यापूर्वीं वात पाव इंचापेक्षां अधिक लांब असल्यास कातरावी. लांब वात अधिक मेण ओढते व तें पूर्ण जाळूं शकत नाहीं. ज्योत वाऱ्याच्या झोतांत ठेवूं नये, पण खोलीची एक खिडकी किलकिली असावी. विझवितांना फुंकर न मारतां वरून झांकण ठेवावें किंवा काडीनें वात वितळलेल्या मेणांत बुडवून पुनः उभी करावी, म्हणजे धुराचा लोट उठत नाहीं. मधमेण म्हणून घेतलेल्या मेणांत पॅराफिन मिसळण्याची लबाडी फार चालते. खरें मधमेण हाताच्या ऊबेनें मऊ होतें पण बोटांस तुपकट लागत नाहीं. मोडलें तर रवाळ तुटतें. आणि कांहीं दिवस ठेवल्यावर त्यावर पांढुरकी झांक येते, ती कापडानें पुसली असतां जाते.

आरोग्याच्या गोष्टींत आग ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि तिचा उल्लेख वेष्टनावर बारीक अक्षरांत असतो. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां जळिताचे पंचनामे या लेखकाच्या हाताखालून बरेच गेले. आगीचें कारण या सदराखालीं ‘चिमणी कलंडून’ व ‘दिव्याची ज्योत लागून’ हे शब्द इतक्या वेळां लिहिलेले पाहिले कीं, उघडी ज्योत पाहिली म्हणजे तीं अक्षरें आठवतात. आपल्या जिल्ह्यांत ही भीति विशेष आहे, कारण भाव चढेल या आशेनें कापूस राहत्या घरांत आढ्यापर्यंत भरून ठेवण्याची आपली चाल. ज्या खोलींत कापूस आहे त्या खोलींत कोणत्याही कुळाची मेणबत्ती नेऊं नये. मधमेणाची ठिणगी कापसास कांहीं कमी लागत नाहीं. कडब्याची गंज, कोंड्याचीं पोतीं व फवारणीचीं औषधें यांसही हाच नियम. तेथें बॅटरी न्यावी.

आणि येथें जमीनदार शेतकऱ्यांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. आपल्या वाड्यांतील हवेचा विचार करतांना आपल्या आधारानें राहणाऱ्यांच्या हवेचा विचार त्यांत आलाच पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यांतून फार मोठ्या संख्येनें कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडीस जातात आणि पाचटाच्या, चटयांच्या वा प्लास्टिकच्या कोपींत चारपांच महिने काढतात. आपल्या स्वतःच्या उसांतही अशाच टोळ्या उतरतात. त्या कोपींत मेणबत्ती नैसर्गिक कीं खनिज हा प्रश्नच उद्भवत नाहीं. तेथें उघडी ज्योतच नको. सूर्याच्या उन्हावर भारित होणारा एक लहान दिवा दर कोपीस दिला तर त्याचा खर्च उसाच्या एका खेपेच्या पैशांतून सहज निघेल. सालगड्याच्या खोपटासही तेंच लागू. ज्यानें आपल्या मुलांसाठीं शंभर-दोनशें रुपयांची मेणबत्ती घेतली, त्यानें आपल्या सालगड्याच्या मुलांस चिमणीच्या काजळींत बसविलें, तर त्याच्या आरोग्यविचारास कांहीं अर्थ उरत नाहीं.

इतकें सांगितल्यावर वाचक विचारतील, मग नैसर्गिक मेण चांगलें तें कशासाठीं? त्याचें उत्तर वर्ध्याच्या एका जुन्या उद्योगांत सांपडतें. १९३४ च्या डिसेंबरांत वर्धा येथें महात्मा गांधींच्या प्रेरणेनें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस झाले. मगनवाडींतील त्या संघाच्या कार्यकर्त्यांनीं घासलेटाच्या कंदिलांत फेरफार करून वनस्पतिज तेलावर जळणारा दिवा सिद्ध केला आणि त्यास ‘मगनदीप’ असें नांव दिलें. घासलेटाचा पैसा परदेशी कंपनीच्या घरीं जाई. करंजाच्या किंवा करडईच्या तेलाचा पैसा गांवच्या शेतकऱ्याच्या व तेल्याच्या घरीं राही. विजेपुढें तो दिवा टिकला नाहीं, आणि टिकावा असा आग्रहही नाहीं. पण त्या दिव्यानें विचारलेला प्रश्न आजही उभा आहे : आपण जो उजेड विकत घेतों त्याचा पैसा कोणाकडे जातो, आणि तो उजेड तयार होतांना आपल्या शिवाराचें काय होतें?

मधमेणाच्या बाबतींत या प्रश्नाचें उत्तर शेतकऱ्यास अनुकूल आहे. मेण हवें तर माशी हवी, आणि माशी असली तर सूर्यफूल, करडई, कारळें यांचे दाणे चांगले भरतात व कांद्याचें बीं धरणारास तिच्यावांचून चालत नाहीं. आपल्याकडे सातेरी माशी झाडाच्या ढोलींत राहते व पेटींत माणसाळते. फुलोरी माशी झुडपांत लहानसें एक पोळें करते. आणि आग्या माशी वडावर, उंबरावर, कड्यावर व पाण्याच्या टांकीखालीं मोठें मोहोळ बांधते. आपल्या देशांतील मधमेणाचा बराचसा भाग या आग्या मोहोळांतून येतो. परंतु तें काढण्याची आपली रीत काय? रात्रीं पलिता पेटवून माशा जाळावयाच्या, सबंध पोळें तोडावयाचें, मध पिळून घ्यावयाचा आणि उरलेला मेणाचा चोथा उकिरड्यावर टाकावयाचा. एक किलो मेण करण्यासाठीं माशांना सुमारें सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा मधुपालकांचा अदमास आहे. म्हणजे आपण फेंकून देतों तो चोथा मधाहून मोलवान् वस्तूचा असतो. मध पोळ्याच्या वरच्या, फांदीलगतच्या जाड भागांत सांठलेला असतो, व खालीं अंडीं आणि पिलें असतात. तेवढा मधाचाच भाग कापून घेतला तर पिलें वांचतात, वसाहत टिकते आणि मोहोळ पुनः भरतें. फवारणी सकाळीं फुलें उमलल्यावर न करतां सायंकाळीं केली तरी पुष्कळ माशा वांचतील.

मेण शुद्ध करणें अवघड नाहीं. चोथा पाण्यांत घालून मंद विस्तवावर तापवावा. मेण नुसतें आंचेवर कधींही ठेवूं नये, कारण तें पेट घेतें. पातेलें स्टेनलेस स्टीलचें वा ॲल्युमिनियमचें असावें. लोखंडानें व तांब्यानें मेण काळवंडतें. वितळलेलें मेण जाड कापडांतून गाळून थंड होऊं द्यावें, म्हणजे पाण्यावर मेणाची वडी धरते. वात आपल्याच कापसाची वळावी, पण पॅराफिनच्या बत्तीपेक्षां जरा जाड, कारण हें मेण वितळण्यास जड. मध्यम जाडीची बत्ती तासाला पांच ते दहा ग्रॅम मेण जाळते. तेव्हां एक किलो मेणांत शंभर ते दोनशें तास उजेड होतो. पेटींतील पोळीं पुनः पुनः वापरावयाचीं असल्यामुळें पेटीपासून मेण थोडें मिळतें, शंभर किलो मधामागें एक-दोन किलो; हें ध्यानांत घेतां, मधमेण विकून कोणी धनवान् होईल असें लेखकाचें म्हणणें नाहीं. सांपडेल तेवढें मेण घरच्या अडीअडचणीस व देवापुढें लावण्यास पुरेल, उरेल तें विकेल, आणि माशीनें पिकास दिलेला लाभ निराळाच.

हें काम शिकविणाऱ्या संस्था आपल्या राज्यांत आहेत. पुण्यास मध्यवर्ती मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ सालापासून आहे. महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ च्या मे महिन्यांत देशांतील पहिलें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. महाबळेश्वरचें जंगल आपल्याकडे नाहीं हें खरें. पण बालाघाटच्या डोंगरकुशींत आष्टी, पाटोदा, धारूर व केज या तालुक्यांत माशीस राहण्याजोगीं झाडें व चरण्याजोगीं फुलें अजून उरलीं आहेत. आपल्या संस्थेनें येत्या हंगामापूर्वीं गांवोगांवच्या मोहोळ काढणारांस एकत्र बोलावून, माशा न जाळतां मध काढण्याचें व मेण गाळण्याचें शिक्षण द्यावें, आणि सभासदांकडील मेण एकत्र करून विकण्याची सोय करावी, अशी चालकांस नम्र विनंति आहे. मोहोळ काढणारे बहुधा भूमिहीन असतात. मेणाचा दाम त्यांच्या पदरांत पडला तर पलिता आपोआप हातांतून सुटेल.

तेव्हां दिवाळीस घरीं आलेल्या मुलानें ‘नैसर्गिक’ मेणबत्ती पुढें ठेवली तर तिचें कौतुक अवश्य करावें, पण तिच्यावर पांच मिनिटें पांढरी बशी धरून पाहावी. त्याच दिवशीं खाटेखालची कॉइल काढावी, पाहुण्यांसाठीं झांकून ठेवलेला गॅस रोजच्या स्वयंपाकास लावावा, कापसाच्या खोलींतला दिवा बाहेर आणावा व सालगड्याच्या खोपटांत बॅटरीचा दिवा पोंचवावा. एवढें झाल्यावर मग मधमेणाची बत्ती खुशाल लावावी, आणि शक्य तोंवर ती आपल्या वडावरच्या मोहोळाची असावी.